या पत्त्यावरचं दुसरं वाहन

पालिकेचं पाकीट दरवर्षी याच आठवड्यात यायचं आणि दरवर्षी तो ते चहा संपेपर्यंत उघडायचा नाही. आधी चहा, मग कात्री, मग चष्मा, मग कागद. कामाला एक क्रम असतो आणि क्रम मोडला की चुका होतात, हे तो वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षकाची नोकरी करून शिकला होता आणि निवृत्तीनंतरची नऊ वर्षं घरातल्यांना शिकवत होता. त्या सकाळीही त्याने कड सरळ कापली, घडी उलगडली, आणि रस्त्यावर गाडी उभी करायच्या रहिवासी परवान्याचा आकडा बघून चष्मा काढून पुसला. आकडा तोच राहिला. गेल्या वर्षीच्या बरोब्बर तिप्पट. बरं, भाव वाढतात, पालिका काही आपली मावशी नाही; पण तिप्पट? मग खाली बारीक अक्षरात कारण दिसलं: 'या पत्त्यावरचं दुसरं वाहन'. ती ओळ त्याने बोट ठेवून वाचली. या पत्त्यावर तो आणि त्याची बायको अशी दोन माणसं राहत होती आणि गाडी एक होती, एकोणीस वर्षांची, पांढरी, आणि ती तोच चालवायचा. बायकोला चालवता येत नव्हती. मग पहिलं वाहन कुणाचं? "काय गं," तो स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला, "आपल्या पत्त्यावर कुणी आणखी एक गाडी नोंदवलीय का?" आत नळ चालू होता. तो बंद झाला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग ती म्हणाली, "कुणास ठाऊक. पालिकेचा कारभार, दुसरं काय." नळ पुन्हा सुरू झाला. आता एखाद्या साध्या माणसाने एवढ्यावर सोडून दिलं असतं. पण हा साधा माणूस नव्हता. गल्लीत त्याला काटेसाहेब म्हणत, तराजूच्या काट्यावरून, आणि ते काही प्रेमाने म्हणत नसत. नळ का बंद झाला, हे त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. प्रश्न ऐकू यावा म्हणून माणूस नळ बंद करतो, कबूल. पण उत्तर द्यायला तिने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात एक अख्खी कढई घासून झाली असती. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

आणि गंमत बघा, हा नियम त्याचाच होता. म्हणजे कागदावर पालिकेचा, पण दोन वर्षांपूर्वी परवान्याच्या दरांवर लोकांची मतं ऐकायला पालिकेने सभा बोलावली तेव्हा तिसऱ्या रांगेतून उठून बोलला होता तो. तेव्हा सगळ्यांना एकच दर होता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची डबीएवढी गाडी आणि कोपऱ्यावरच्या ठेकेदाराच्या तीन गाड्या, प्रत्येकीला तेवढेच पैसे. त्यात ठेकेदाराला स्वतःचं गॅरेज. त्या गॅरेजात त्याने व्यायामाची यंत्रं आणि जुनी कपाटं भरून ठेवलेली, आणि गाड्या रस्त्यावर, तुमच्याआमच्या दारात. "रस्ता हा तराजू आहे," असं काहीसं तो त्या सभेत म्हणाला होता. घरटी पहिल्या गाडीला कमी दर, दुसरीला तिप्पट, तिसरीला विचारूच नका. जो जास्त जागा अडवतो त्याने जास्त मोजावं, यात अन्याय कुठे आहे? टाळ्या पडल्या होत्या. नर्सबाईंनी तर खुर्चीवरून उठून वाजवल्या होत्या. बायको शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, आणि घरी येताना गाडीत म्हणाली होती, "छान बोललात. पण पहिली कुठली आणि दुसरी कुठली, हे कोण ठरवणार?" तो म्हणाला होता, "त्यात ठरवायचंय काय? पहिली ती पहिली." हे आत्ता त्याला आठवलं आणि चहाचा कप उचलून बघितला तर रिकामा होता. तिने तेव्हाच का विचारलं होतं ते? दोन वर्षांपूर्वीच्या त्या साध्या वाक्याकडेही तो आता वाकून बघू लागला, गिऱ्हाईक माप उलटं करून तळ बघतं तसा.

पहिला संशय अर्थातच शेजाऱ्यांवर. नर्सबाई वर राहायच्या, त्यांचं दार वेगळं पण घरनंबर एकच, नुसतं 'अ' आणि 'ब'. पालिकेच्या कारकुनाने 'ब' खाल्ला असेल. किंवा बाईंनीच खायला लावला असेल. त्या पाळी संपवून यायच्या तेव्हा गल्लीत जागा नसायची, तीन तीन चकरा मारून शेवटी पुलापाशी गाडी लावून चालत यायच्या आणि जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काका, पैसे भरायचे घरासमोरच्या जागेचे आणि गाडी लावायची पाहुण्यांच्या गावाला, हा कुठला न्याय?" त्यांच्या बोलण्यात तेव्हा त्याला सरळ वैताग दिसला होता, आता त्यात तयारी दिसायला लागली. आणि दुसरी ती राखाडी गाडी. तीन महिने झाले, वळणावर बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानापुढे एक छोटी राखाडी गाडी उभी असायची. कधी असायची, कधी नसायची, आणि कुणाची हे गल्लीत कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याने मापाची पट्टी घेऊन तिची लांबी मोजली होती, दिवस लिहून ठेवले होते, आणि बाहेरचा कुणीतरी खोटं स्टिकर लावून फुकट जागा वापरतोय अशी पालिकेला दोन पत्रं पाठवली होती. दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर: वाहनाला वैध परवाना आहे. वैध! म्हणजे पालिकेतलाच कुणीतरी सामील. ते पत्र त्याने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बायको ताटाकडे बघत म्हणाली होती, "असेल हो एखाद्या गरजूची. तुमचं काय घोडं मारलंय तिने?" घोडं काही मारलं नव्हतं. पण जागेचा प्रश्न त्याला दिसत होता त्यापेक्षा मोठा होता, आणि तो का मोठा होता हे फक्त त्यालाच माहीत होतं. त्याच्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक ओरखडा होता. चौकातल्या लोखंडी खांबाला घासली होती. तो खांब गेली वीस वर्षं तिथेच होता. त्या दिवशी तो तिथे नव्हता, म्हणजे त्याला दिसला नाही, आणि मग एकदम तो आवाज, पत्रा फाटल्यासारखा. तेव्हापासून तो गाडी नेहमी भिंतीला डावी बाजू चिकटवून लावायचा. म्हणून त्याला भिंतीकडचीच जागा लागायची, आणि म्हणून गल्लीतल्या प्रत्येक उपऱ्या गाडीवर त्याचा डोळा होता. एकच डोळा, खरं तर. डाव्याच्या कडा गेल्या होत्या. डॉक्टरने काचबिंदू म्हणून सांगितलं होतं आणि कागदावर लिहून दिलं होतं, 'वाहन चालवणे टाळावे'. तो कागद त्याने घडी करून जुन्या वजनांच्या पेटीत ठेवला होता, मखमलीच्या खाली. त्या घरात ती पेटी दुसरं कुणी उघडत नसे. गाडी गेली की आपण काय राहतो, हा विचार तो पुरता होऊ द्यायचा नाही. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, जिथे जायचं तिथे तो न्यायचा, ती शेजारी बसायची. तीस वर्षं लोक त्याला बघून उठून उभे राहायचे, आता त्या मानातली उरलेली ती एक गाडीच होती.

पालिकेत तीन नंबरच्या खिडकीपुढे रांग होती. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला पेला, आणि खिडकीवर चिकटवलेला दरांचा तक्ता, त्याच्या नियमाचा. पुढचा माणूस खिडकीतल्या बाईंशी वाद घालत होता की परवाना असून जागा मिळत नाही, तर पैसे परत द्या. बाई मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, हा परवाना जागेचा नाहीये. जागा शोधण्याचा आहे." रांगेत हशा पिकला. तो हसला नाही. त्याची पाळी आली तेव्हा त्याने कागद सरकवला आणि मोजक्या शब्दांत सांगितलं की या पत्त्यावर दुसरी गाडी नाही, तुमची चूक झाली आहे, दुरुस्त करून द्या. बाईंनी पडद्यावर बघितलं. "पहिला परवाना एप्रिलमध्ये दिलाय. तुमचं नूतनीकरण आत्ता आलं, म्हणून तुमची दुसरी." "अहो, माझी गाडी एकोणीस वर्षं त्या दारात आहे!" "असेल. पण दरवर्षी नवा अर्ज. जो आधी आला तो पहिला. नियमच तसा आहे ना." नियम! त्याला वाटलं बाई मुद्दाम त्या शब्दावर थांबल्या. "कुणाच्या नावाने आहे तो पहिला?" "ते मला सांगता येत नाही, आजोबा." आजोबा. "बरं, एवढं तरी सांगा, पत्त्याचा पुरावा काय जोडलाय?" बाईंना बहुधा त्याची दया आली. "वीजबिल," त्या हळूच म्हणाल्या. "मार्चचं. म्हणजे घरातलंच कुणीतरी आहे. घरी विचारा ना." घरी विचारा! घरी विचारून कुणी खरं सांगितलं असतं तर जगात निरीक्षक लागलेच नसते.

तो लगेच घरी गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला, कागद गुडघ्यावर. समोरून माणसं येत-जात होती, आणि डाव्या बाजूने येणारं प्रत्येक माणूस अचानक, अर्धं झाल्यावरच दिसत होतं. असंच बसल्या बसल्या त्याला तो सराफ आठवला. खरं म्हणजे आठवला असं म्हणण्यात अर्थ नाही, तो त्याच्या आत कायम एका कोपऱ्यात बसलेला असायचा, आपल्या उंच स्टुलावर, भिंग डोळ्याला लावून. एवढंसं दुकान. त्याची शंभर ग्रॅमची वजनं याने आपल्या प्रमाण वजनाशी ताडून बघितली आणि ती हलकी भरली. अगदी थोडी, पण सोन्याच्या दुकानात थोडं म्हणजे पुष्कळ. म्हातारा भांडला नाही. नुसतं म्हणाला, "साहेब, माझी वजनं मी रोज बघतो. एकदा तुमचंही वजन बघून घ्या." यावर हा हसला होता. निरीक्षकाचं वजन! आपलं वजन कसं असायचं हे त्याला माहीत होतं. खात्यात त्याच्याइतकी वजनं कुणी निगुतीने ठेवत नसे. महिन्याच्या महिन्याला पितळेचं पॉलिश, मऊ फडकं, पेटीत मखमल. त्याने वजनं जप्त केली, दुकानावर नोटीस चिकटवली, आणि सोन्याच्या धंद्यात अशी नोटीस लागली की काय होतं ते सांगायला नको. वर्षाच्या आत दुकान बंद झालं. आणि त्याच वर्षी त्याची स्वतःची प्रमाण वजनं तपासणीला गेली तेव्हा प्रयोगशाळेतला माणूस त्याला म्हणाला, "अहो, एवढं पुसू नका! आकड्यांच्या खोबणीत आणि खालच्या बुचात पॉलिश साचलंय सगळं. जड भरतंय तुमचं." त्याने ते स्वच्छ करून, छाप मारून परत दिलं. संपलं. याने कुणाला सांगितलं नाही. खात्याला नाही, सराफाला नाही, बायकोला नाही. सांगून काय होणार होतं, दुकान थोडंच परत उघडणार होतं, असं तो स्वतःला म्हणाला आणि अजून म्हणत होता. पुढे जाऊन तो आणखीनच कडक झाला. लोकांना वाटलं, सचोटी.

घरी आल्यावर त्याने बिलांची फाईल काढली. ती त्याचीच, महिन्याच्या क्रमाने लावलेली. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, मार्च. मार्च एप्रिलच्या मागे गेला होता. कुणीतरी काढून पुन्हा घातला होता, आणि घालणाऱ्याला क्रमाची सवय नव्हती. एप्रिलमध्ये मुलगा येऊन चार दिवस राहिला होता. झालं, सगळं जुळलं. मुलगा शहराच्या त्या बाजूला राहायचा जिथे परवान्याचा दर इथल्या चौपट होता. तर याने बापाच्या पत्त्यावर गाडी नोंदवली, स्वस्तात. बापाच्या! ज्या बापाने याला खोट्या मापांच्या गोष्टी सांगून झोपवलं त्याच्या. त्याने फोन लावला आणि 'कसा आहेस' वगैरे काही न विचारता सरळ सुरुवात केली. एप्रिल, वीजबिल, परवाना, एकेक पुरावा क्रमाने मांडला, शेवटी म्हणाला, "आता बोल." पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, माझी गाडी तिकडे नोंदवलेली नाही. तुम्ही येऊन माझं स्टिकर बघू शकता, तुमचं तेवढ्यानेच समाधान होईल." "मग कुणी नोंदवली?" "बघा, तुम्ही मला विचारण्यासाठी फोन केला नाहीत. पकडायला केलात." मग जरा थांबून, "लहानपणी मी खिशातून काय आणलं हे तुम्ही आधी खिसा उलटा करून बघायचात आणि मग विचारायचात. आता तरी आधी विचारा. आणि मला नाही, जिला विचारायचं तिला विचारा." फोन ठेवला गेला. जिला. त्याने तो शब्द फोनइतकाच घट्ट धरून ठेवला. बायको बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिने फोनवरचं सगळं ऐकलं असणार, कारण घडी घालायचे हात थांबले होते. "मी जरा जाऊन येते," ती म्हणाली, "ताईकडे." मंगळवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बहिणीकडे जायची, तीन महिने झाले, बसने. पण बसची तिकिटं त्याला घरात कधी दिसली नव्हती. इतकी वर्षं तो म्हणायचा, मी सोडतो, आणि ती गाडीत बसायची. हल्ली म्हणायची, "नको हो, कशाला तुम्हाला त्रास." त्रास! चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या त्रासाची अशी काळजी पहिल्यांदाच वाटायला लागली होती, आणि त्याने ते नुसतं ऐकून घेतलं होतं, तपासलं नव्हतं.

ती निघाल्यावर त्याने शंभरपर्यंत आकडे मोजले आणि निघाला. आपण आपल्याच बायकोच्या मागे चाललोय याची लाज वाटायला हवी, असं त्याला एकीकडे वाटत होतं, आणि दुसरीकडे छाप्याला निघताना पोटात जी एक थंड गंमत असायची ती आज कित्येक वर्षांनी परत आली होती. ऊन तिरपं झालं होतं. ती पुढे चालत होती, खांद्याला पिशवी, चाल नेहमीपेक्षा जलद, आणि बसच्या थांब्याकडे न वळता ती वळणाकडे गेली. शिंप्याच्या दुकानापाशी तो भिंतीशी थांबला. राखाडी गाडी तिथे होती. बायको तिच्यापाशी गेली, पिशवीतून किल्ली काढली, दार उघडलं आणि चालकाच्या जागेवर बसली. त्याला आधी वाटलं, आत दुसरं कुणीतरी असेल. आत कुणी नव्हतं. तिने पिशवी शेजारी ठेवली, आरसा नीट केला, पट्टा लावला, मान वळवून मागे बघितलं, मग दुसरीकडून बघितलं. घाई नाही, घाबरणं नाही. इतक्या सरावाने ते सगळं केलं की त्याला तिथे उभ्या उभ्या एकटं एकटं वाटलं. या बाईला तो ओळखत नव्हता. या बाईने त्याच्या शेजारी बसून एकोणीस वर्षं खिडकीबाहेर बघितलं होतं आणि त्याला वाटलं होतं, ती रस्ता बघते. तो पुढे गेला. तिने त्याला आरशात आधीच बघितलं असणार, कारण गाडी सुरू झाली नाही. काच खाली आली. "बसा," ती म्हणाली. सवयीने तो चालकाच्या दाराशीच उभा राहिला, हात दाराच्या मुठीवर. "तिकडून," ती म्हणाली.

तो बसला. गुडघे पुढे टेकले. गाडीत नव्या गाडीचा वास नव्हता, जुनीच घेतली होती, पण काच इतकी स्वच्छ होती की मध्ये आहे हे कळत नव्हतं. कोपऱ्यात स्टिकर. ज्यावर त्याने दोन पत्रं लिहिली होती तेच. "शिकलीस कधी?" "गेल्या वर्षी. मुलाकडे राहायला गेले होते तेव्हा. गाडीही त्यानेच बघून दिली, पैसे माझे, आईच्या बांगड्यांचे. परवान्याचा अर्जही त्यानेच भरला, एप्रिलमध्ये." "आणि मला सांगितलं नाहीस." ती समोर बघत होती. "सांगणार होते. रोज सांगणार होते. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे हाताशी पुरावा लागतो, आणि माझ्याकडचा पुरावा मला तुमच्यापुढे ठेवायचा नव्हता." "कसला पुरावा?" "मखमलीखालचा." रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. "खांबाला घासली त्या दिवशी मी शेजारी बसले होते," ती म्हणाली, "तुम्ही मला म्हणालात, दगड उडाला. मी हो म्हटलं. मग महिनाभर तुमच्या शेजारी बसून खालच्या खाली ब्रेक दाबत होते, माझ्या पायाखाली ब्रेक नसताना. पाय दुखायचा रात्री. मग पेटी उघडली." आता मात्र त्याला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं, कारण रागात तो ओळखीचा होता. "म्हणजे मुद्दाम आधी अर्ज दिलास! माझी दुसरी ठरावी म्हणून!" "हो," ती म्हणाली. इतक्या सरळ की त्याच्या हातातला पुरावाच गळून पडला. "खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आधी येईल ती पहिली. मी म्हटलं, मग माझी पहिली. नियम तुमचाच होता. मला वाटलं, तिप्पट भरायची वेळ आली की हे हिशेबी माणूस आहेत, एक गाडी काढतील. आणि कुठली काढायची हे मग स्वतःहून कळेल त्यांना. माझ्या तोंडून नको." "आणि मी तिप्पट भरले असते तर?" ती पहिल्यांदा वळली. "तर मग मी तुमच्या शेजारी कधीच बसले नसते. हे सांगायलाच आज ताईकडे जाणार होते, तिच्यापुढे बोलून बघायला, बोलता येतं का."

त्याची नजर काट्यांवर होती, जुनी खोड. गाडी किती चालली याचा आकडा तो बघत होता आणि मनातल्या मनात मंगळवार-शुक्रवार, ताईचं घर, जाणं-येणं असा गुणाकार करत होता. हिशेब जुळत नव्हता. शेपन्नास किलोमीटर जास्त भरत होते. हे कुठले? विचारावंसं वाटलं. जिभेवर आलं. ही कुठे कुठे जाते? कुणाकडे? आणि त्याच वेळी त्याला स्वतःची किळस आली, कारण ही बाई आपल्याला वाचवायला निघाली आहे आणि आपण तिचे किलोमीटर मोजतोय. "उरलेले चकरा मारण्यात गेले," ती म्हणाली. त्याने काहीच विचारलं नव्हतं. "जागा शोधण्यात. नर्सबाईंना विचारा, परवाना घेऊन रोज किती फिरावं लागतं." चाळीस वर्षांत तिला याची नजर कुठे थांबली की काय विचारणार हे पाठ झालं होतं. आणि याला? याला तिच्या नळाचाही अर्थ लागला नव्हता. "तो सराफ," तो अचानक म्हणाला. "तुला आठवतो का? छोट्या दुकानाचा. त्याची वजनं बरोबर होती. माझंच जड होतं. मी कुणाला..." तीस वर्षं दाबून धरलेलं वाक्य इतकं छोटं निघालं. तिने गाडी सुरू केली. इंजिनचा आवाज बसू दिला. "माहीत आहे," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?" "कुणी नाही. पितळेचं पॉलिश मीच आणून द्यायचे ना तुम्हाला, महिन्याला एक डबी. त्या वर्षापासून तुम्ही मागितली नाहीत. आणि त्या दुकानावरून जायचं असलं की लांबचा रस्ता घ्यायचात. मला कळणार नाही होय?" "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

गाडी वळणावरून निघाली. ती सावकाश चालवत होती, दोन्ही हात चाकावर, आणि तो हात मांडीवर ठेवून बसला होता, ती बसायची तसा. शेजारून ठेकेदाराची गाडी गेली, नियम येताच जादा गाड्या गॅरेजात घातलेल्या माणसाची, एक पैसा जास्त न भरता सुखात फिरणारी, आणि आज पहिल्यांदा त्याला त्या माणसाचा राग आला नाही. आपली पांढरी गाडी भिंतीला डावी बाजू लावून उभी होती. उजवीकडून एकदम छान दिसत होती. चौक जवळ आला. तिने गती कमी केली, आणि समोर बघतच, दवाखान्यात विचारतात तसं नाही, अगदी घरात मीठ बरोबर झालंय का विचारावं तसं विचारलं, "डावीकडचा खांब दिसतोय का हो तुम्हाला?" खांब कुठे असतो हे त्याला पाठ होतं. वीस वर्षांची जागा, पांढरे-काळे पट्टे, वर वाकलेलं टोक. दिसतोय, असं म्हणायला त्याला बघावंही लागलं नसतं. शब्द तोंडात तयार होता. त्याने डावीकडे मान न वळवता, नुसत्या डोळ्याने शोधलं. आधी उन्हाचा तुकडा होता, मग दुकानाची पायरी, मग राखाडी धुकं, आणि मग काही नाही.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसत."

तिने गिअर बदलला आणि खांबाला पुरेशी जागा सोडून गाडी वळवली.